गल्ल्यातून बँकेत : नव्या धंद्याचे खाते निवडताना

नवा धंदा काढणारा माणूस "खाते कुठल्या बँकेत उघडू?" हा प्रश्न मेहुण्याला विचारतो, शेजारच्या दुकानदाराला विचारतो, नाहीतर ज्याने गाळा भाड्याने दिला त्याला. तो आपल्या बँकेचे नाव सांगतो. नाव वाईट असते असे नाही. पण मेहुण्याचे असते मेडिकल आणि तुमची असतात केटरिंगची कामे. मेडिकलच्या गल्ल्यात दिवसभर शंभर-दोनशेच्या रकमा येत राहतात, त्यातल्या बऱ्याचशा मोबाइलवरून. केटरिंगवाल्याला लग्नसराईत एकदम लाखाचा चेक मिळतो आणि आषाढात खात्यात खडखडाट असतो. दोघांना एकच खाते सोयीचे कसे पडेल?

म्हणून बँक शोधण्याआधी एक वही घ्या. धंदा सुरू झाला असेल तर महिनाभराचा, झाला नसेल तर त्याच धंद्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारून अंदाजाचा हिशेब मांडा. महिन्यात रोख किती जमा होईल? त्यात सुट्टे आणि दहा-वीसच्या नोटा किती? यूपीआयने किती, चेकने किती येईल? देणी कुणाची : एकाच घाऊक व्यापाऱ्याची, की पंधरा जणांची? आणि सर्वांत महत्त्वाचे, महिन्यातल्या सर्वांत कडकीच्या दिवशी खात्यात किती रुपये उरतील? हे शेवटचे उत्तर जरा हात आखडून लिहा. धंद्याच्या पहिल्या वर्षात शिल्लक आपण मनात धरतो त्याहून कमीच राहते.

हे एक पान हातात असले, की बँकेच्या माणसाने पुढ्यात टाकलेल्या चकचकीत पत्रकातले निम्मे मुद्दे आपल्या कामाचे नाहीत हे लगेच कळते.

घरचे खाते चालणार नाही का?

थोडे दिवस चालते, आणि तिथेच घोटाळा होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बचत खाते व्यक्तींसाठी आणि काही ठरावीक संस्थांसाठी असते. व्यापारी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावाने ते उघडता येत नाही. स्वतःच्या नावाच्या बचत खात्यावर धंद्याची उलाढाल करू नये, हे बँकांच्या अटींतही असते. हातगाडीवर भजी विकणाऱ्याच्या किंवा चार डबे देणाऱ्या ताईंच्या बाबतीत बँका बहुधा कानाडोळा करतात. पण रोज वीस-पंचवीस जमा दिसू लागल्या, की एक दिवस शाखेतून फोन येतो.

बँक ओरडेल म्हणून नव्हे, तर पुढे आपल्यालाच हिशेब सोडवता येत नाही म्हणून खाते वेगळे हवे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात जे झाले ते प्रत्येक लहान दुकानदाराने लक्षात ठेवावे. तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या जमा रकमांवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. बेंगळुरूतल्या कित्येक दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. या पैशांत विक्री किती, भावाने पाठवलेले किती आणि हातउसने परत आलेले किती, हे दाखवताना अनेकांची दमछाक झाली, कारण सगळे एकाच खात्यात होते. महाराष्ट्रात मालाच्या व्यापाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या उलाढालीपुढे जीएसटी नोंदणी लागते. त्या रेषेच्या आसपास असणाऱ्याने तर घरचे आणि धंद्याचे पैसे एका दिवसासाठीही मिसळू नयेत.

आणखी एक नवा त्रास आहे. कुठल्या तरी परगावच्या सायबर फसवणुकीतले पाचशे रुपये फिरत फिरत तुमच्या क्यूआरवर आले, की तक्रारीवरून खात्यातली रक्कम, कधीकधी पूर्ण खातेच, गोठवले जाऊ शकते. ते सुटायला वेळ लागतो. तेवढ्या काळात निदान मुलांची फी आणि घराचा हप्ता दुसऱ्या खात्यातून जावा.

महिला बचत गटाचे मात्र वेगळे आहे. गटाच्या नावाने बचत खाते उघडता येते. मसाले-पापड करणाऱ्या गटांनी सुरुवातीला चालू खात्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

बाकीच्यांसाठी चालू खाते. त्यावर व्याज मिळत नाही, ही सगळ्यांची तक्रार असते आणि ती खरी आहे; रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. त्याच्या बदल्यात व्यवहारांच्या संख्येला बचत खात्यासारखी आडकाठी नसते, पेढीच्या नावाचा चेक मिळतो आणि पुढे ओव्हरड्राफ्टची सोय होऊ शकते. ठरावीक रकमेपुढची शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वळवणारी खातीही बँका देतात. ज्याच्याकडे महिन्यातले वीस दिवस लाखभर पडून राहतात, त्याने त्याबद्दल जरूर विचारावे. ज्याच्याकडे राहतच नाहीत, त्याने त्या गोष्टीवर वेळ घालवू नये.

कागद

एकल मालकीच्या धंद्यासाठी, म्हणजे ज्याला आपण प्रोप्रायटरी म्हणतो त्यासाठी, मालकाचे पॅन आणि आधार लागते आणि शिवाय धंदा खरोखर चालू असल्याचे दोन पुरावे लागतात. उद्यम प्रमाणपत्र, गुमास्ता, जीएसटी प्रमाणपत्र, धंद्याचे उत्पन्न दाखवणारे प्राप्तिकर विवरणपत्र, पेढीच्या नावाचे वीजबिल, असल्यांपैकी कुठलेही दोन. दोन मिळणे शक्य नसेल, तर बँक स्वतःची खात्री करून आणि जागेवर येऊन पाहणी करून एकावरही खाते उघडू शकते. हे रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतच आहे, पण काउंटरवरच्या प्रत्येकाला ते ठाऊक असतेच असे नाही. नम्रपणे आठवण करून द्यावी आणि तरी जमले नाही तर शाखाधिकाऱ्याला भेटावे.

यातला सर्वांत सोपा पुरावा म्हणजे उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन होते, आधारवर होते आणि पूर्णपणे फुकट आहे. सरकारी वाटावीत अशा नावांची संकेतस्थळे काढून हजार-दोन हजार घेणारे पुष्कळ आहेत. पैसे मागितले की ती जागा चुकीची समजावी. गुमास्ताही आता मोजके कामगार असलेल्या दुकानाला सोपा झाला आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने अशा लहान आस्थापनांना नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पोच घेण्याची मुभा दिली. खाण्याच्या पदार्थांचा धंदा असेल तर अन्न परवान्याची नोंदणी करावी लागतेच. तीही सोबत न्या.

खाते अडते ते बहुतेक वेळा नावावरून. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. गुमास्त्यावर वडिलांचे नाव गाळलेले. उद्यमवर दुकानाचे नाव 'श्री गणेश ट्रेडर्स' आणि पाटीवर नुसते 'गणेश ट्रेडर्स'. बँकेची संगणक प्रणाली अशा फरकावर अर्ज परत पाठवते आणि तुम्ही पुन्हा रांगेत. दुकानाचे नाव एकदा ठरवा, त्याचे इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच घाला. पाटी रंगवणाऱ्यालाही तेच द्या, कारण बँकेचा माणूस येऊन पाटीसकट फोटो काढतो.

भागीदारीला भागीदारीपत्र आणि पेढीचे स्वतंत्र पॅन लागते. कंपनी काढत असाल, तर २०२० पासून नोंदणीच्या अर्जांबरोबरच बँक खात्याचाही अर्ज भरावा लागतो. हा फॉर्म बहुधा सीएच्या ऑफिसात भरला जातो आणि बँक तिथल्या यादीतून पटकन निवडली जाते. सीएला आधी सांगून ठेवा. नाही सांगितले तरी आभाळ कोसळत नाही, पुढे दुसरे खाते काढता येते. पण तोवर त्या पहिल्या खात्याची किमान शिल्लक सांभाळावी लागते.

शुल्काचे गणित

जाहिरातीत ठळक असते ती किमान शिल्लक. ५ हजारांची, १० हजारांची, २५ हजारांची अशी खाती असतात आणि आपण साहजिकच लहान आकड्याकडे वळतो. पण किमान शिल्लक हा खर्च नव्हे, ते अडकून पडलेले पैसे. खरा खर्च बारीक अक्षरात असतो, आणि रोखीचा धंदा करणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे रोख भरणा शुल्क.

उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एक खाते ५ हजार शिल्लकीचे : महिन्याला २ लाख रोख फुकट भरता येते, त्यापुढे हजाराला ४ रुपये. दुसरे २५ हजार शिल्लकीचे : महिन्याला १० लाख रोख फुकट. तुमचे स्टँडजवळ हॉटेल आहे आणि महिन्याला ६ लाख रोख भरायची आहे. पहिल्या खात्यात वरच्या ४ लाखांवर १,६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला १,८८८. वर्षाचे झाले २२,६५६. दुसऱ्या खात्यात शुल्क शून्य. २० हजार जास्त अडकले, त्यांचे ७ टक्क्यांनी व्याज धरले तरी वर्षाला १,४०० रुपये. 'स्वस्त' खाते वर्षाला एकवीस हजारांनी महाग पडले. आता हेच गणित घरून वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलीचे करा. तिला महिन्यात दोन ऑनलाइन रकमा येतात आणि रोख शून्य. तिला मोठ्या शिल्लकीचे खाते घ्यायचे काहीच कारण नाही.

किमान शिल्लक बहुतेक ठिकाणी 'सरासरी' असते, आणि ती महिन्याची की तिमाहीची हे विचारावे. महिन्याची १० हजार सरासरी म्हणजे तीस दिवसांच्या रोजच्या शिल्लकीची बेरीज ३ लाख झाली पाहिजे. पहिले वीस दिवस खात्यात फक्त २ हजार होते, तर बेरीज झाली ४० हजार. उरलेल्या दहा दिवसांत रोज २६ हजार ठेवले तर सरासरी जमते आणि दंड वाचतो. बऱ्याच दुकानदारांना हे माहीत नसते. एक दिवस शिल्लक दहाच्या खाली गेली म्हणजे दंड लागलाच, असे समजून ते उसनवारी करतात.

हंगामी धंद्याला तिमाही सरासरी बरी की मासिक, याचे सरळ उत्तर नाही. पेणच्या मूर्तिकाराचा पैसा गणपतीच्या आसपास येतो. त्या तिमाहीत सरासरीची चिंताच नसते, पण पौष-माघात माती, रंग आणि कारागिरांच्या मजुरीपायी खाते तळाला असते आणि अख्खी तिमाही दंडात जाते. अशा माणसाने शिल्लक कमीत कमी असलेलेच खाते घ्यावे, मग हंगामात थोडे भरणा शुल्क गेले तरी हरकत नाही.

आणखी काही बारीक चौकश्या. दुसऱ्या शाखेत रोख भरली तर शुल्क वेगळे लागते का? सुट्टी नाणी आणि लहान नोटा मोजून घेण्याचे काही पडते का? परत आलेल्या चेकला, दिलेल्या आणि घेतलेल्या, किती? जानेवारी २०२० पासून बँकांना ऑनलाइन एनईएफटीचे शुल्क घेता येत नाही ते बचत खातेदारांकडून. चालू खात्याला ती सूट आपोआप लागू नाही. बँका ते माफ करतात, पण विचारलेले बरे. शुल्कपत्रक प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर असते. त्याची छापील प्रत काढून आपल्या वहीतल्या पानाशेजारी ठेवा आणि फक्त आपल्याला लागू असलेल्या ओळींखाली रेघ ओढा. जीएसटी नोंदणी असलेल्याला बँकेच्या शुल्कावरचा कर परताव्यात धरता येतो. त्यासाठी आपला जीएसटी क्रमांक बँकेला देऊन ठेवावा लागतो आणि तेवढेच लोक विसरतात.

क्यूआर कोणाचा, खाते कोणाचे

यूपीआयने पैसे घेण्यावर दुकानदाराला शुल्क नाही; १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर ते शून्य आहे. पैसे जातात ते साउंडबॉक्सच्या महिन्याच्या भाड्यात आणि कार्ड मशीनवर. मशीन घ्यायचे असेल तर क्रेडिट कार्डाचा दर नीट विचारा, कारण डेबिट कार्डाच्या दराला रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे, क्रेडिटच्या दराला नाही.

क्यूआर देणारी ॲप कंपनी आणि बँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे २०२४ मध्ये अनेकांना महागात शिकावे लागले. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिथल्या खात्यात नवे पैसे घेणे बंद झाले. ज्या दुकानदारांच्या विक्रीचे पैसे त्याच बँकेच्या खात्यात जमा होत होते, त्यांना खाते बदलून घ्यावे लागले. ज्यांनी क्यूआर तिथला पण खाते दुसऱ्या बँकेचे ठेवले होते, त्यांचे काम चालू राहिले. पेमेंट्स बँकांबद्दल आणखी एक : तिथे एका ग्राहकाची दिवसअखेरची शिल्लक २ लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि त्या बँका स्वतः कर्ज देत नाहीत. जोडखाते म्हणून ठीक, धंद्याचे मुख्य खाते म्हणून नाही.

स्कॅन केल्यावर गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर कोणते नाव दिसते तेही पाहा. दुकानाचे नाव दिसावे. भलतेच नाव दिसले की गिऱ्हाईक पैसे पाठवण्याआधी थबकते.

कुठली बँक?

आता मेहुण्याच्या प्रश्नाकडे येऊ. सरकारी बँकेत शुल्क साधारण कमी आणि सरकारी योजनांची कर्जे तिथून जास्त होतात. काउंटरवर मात्र ताटकळावे लागते. खासगी बँकेचा माणूस दुकानात येऊन फॉर्म भरून घेतो, ॲप चांगले असते, आणि दंडाच्या ओळीही लांबलचक असतात. स्मॉल फायनान्स बँका अनेकदा कमी शिल्लकीवर खाते देतात, पण शाखा मोजक्या. हे सर्वसाधारण वर्णन झाले; तुमच्या गावातली शाखा त्याच्या उलट असू शकते.

महाराष्ट्रात खरा प्रश्न असतो सहकारी बँकेचा. आपल्याकडे नागरी सहकारी बँकांची परंपरा जुनी आहे. पुण्याची कॉसमॉस १९०६ ची, मुंबईची सारस्वत १९१८ ची. लहान व्यापाऱ्याला नावाने ओळखणारा शाखाधिकारी आजही बहुधा सहकारी बँकेतच भेटतो आणि ओव्हरड्राफ्टचा निर्णय तिथे लवकर होतो. दुसऱ्या बाजूला पुण्याची रुपी बँक आहे : २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. पीएमसी बँक आहे : सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढायची मुभा होती. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले, तेव्हा आरंभी काहीच काढता येत नव्हते. पुढे त्याच वर्षी ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

ठेव विमा ५ लाखांपर्यंत आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून, आणि तो चालू खात्यालाही लागू आहे. पण धंदेवाल्यासाठी त्यात एक खाच आहे. एकल मालकीच्या पेढीचे खाते आणि मालकाची त्याच बँकेतली वैयक्तिक ठेव विम्यासाठी एकत्र धरतात. दुकानाच्या खात्यात ४ लाख आणि स्वतःच्या नावावर त्याच बँकेत ३ लाखांची मुदत ठेव असेल, तर विम्याचे संरक्षण सातचे नाही, पाचचेच. भागीदारी पेढीचे खाते वेगळे धरतात. म्हणून घरची बचत आणि धंद्याचे खाते एका बँकेत ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे, बँक कितीही नावाजलेली असो.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले, की विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद आहे. नोकरदाराला हा दिलासा वाटेल. धंद्यात नव्वद दिवस म्हणजे तीन पगार, तीन भाडी आणि माल देणाऱ्याला दिलेले, आता न वटणारे चेक. यावर उपाय एकच : पाच-दहा हजार शिल्लक असलेले दुसऱ्या बँकेतले एक साधे खाते, ज्यावर क्यूआर लगेच वळवता येईल. त्याचा वर्षाचा खर्च क्षुल्लक असतो.

पतसंस्था ही बँक नव्हे. तिथल्या ठेवीला हा विमा नाही. पिग्मी एजंट रोज दुकानात येतो आणि शे-दोनशे गोळा करतो, ही सवय चांगली आहे, ती मोडा असे मी म्हणणार नाही. पण जमलेली रक्कम मोठी होऊ न देता वेळोवेळी बँकेत न्यावी.

उद्याच्या कर्जासाठी

वर्षभराने कर्ज लागणार असेल, आणि बहुतेकांना लागते, तर आजचे खाते हीच उद्याच्या अर्जाची पहिली पाने असतात. कर्ज अधिकारी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे स्टेटमेंट मागतो. त्यात विक्री नियमित जमा होताना दिसली पाहिजे. गल्ल्यातली रोख परस्पर माल देणाऱ्याला देऊन टाकणाऱ्याची विक्री महिन्याला ३ लाख असली, तरी कागदावर ती ८० हजार दिसते. रोख आधी बँकेत भरा, मग तिथून देणी द्या. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च प्राप्तिकरात साधारणपणे मान्य होत नाही, हेही त्यात आले. उलट बाजूने, अंदाजित नफ्याच्या योजनेखाली विवरणपत्र भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा गृहीत धरतात. म्हणजे बँकेतून आलेला पैसा करातही हलका.

काही हुशार मंडळी स्वतःचेच पैसे काढतात आणि भरतात, उलाढाल फुगवून दाखवायला. बँकेतल्या लोकांनी हा प्रकार इतक्यांदा पाहिलेला असतो, की दुसऱ्या पानावरच ते ओळखतात.

मुद्रा योजनेखाली शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. पूर्वीचे तरुण कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत. खाते उघडण्याआधी शाखाधिकाऱ्याला विचारा, "गेल्या वर्षात या शाखेतून मुद्राची किती प्रकरणे झाली?" उत्तर आकड्यात आले तर चांगले. "हो हो, देतो ना" असे आले, तर दुसरी शाखाही पाहून या. पुढे कॅश क्रेडिट घेतले, की ती बँक आपली सगळी उलाढाल तिच्याकडेच फिरवायला सांगते. तेव्हा खाते आधीच तिथे असेल तर क्यूआर, बिले, गिऱ्हाइकांना कळवणे ही सगळी उलथापालथ वाचते.

सही, मोबाइल, वारस

खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मालकाचाच हवा. फॉर्म भरायला मदत करणाऱ्या पुतण्याचा किंवा हिशेबनिसाचा क्रमांक घातलेली कितीतरी खाती आहेत, आणि तो माणूस सोडून गेला की ओटीपीसाठी त्याच्या विनवण्या कराव्या लागतात. हिशेबनिसाला स्टेटमेंट पाहण्यापुरता प्रवेश देण्याची सोय बहुतेक बँकांत आहे. पासवर्ड देऊ नये. भागीदारीत सहीचा प्रकार ठरवताना भिडेखातर "कोणीही एक" असे लिहिले जाते. ठरावीक रकमेपर्यंत एकाची आणि वर दोघांची सही, असे लिहून घेतले तर मैत्रीही टिकते.

नामनिर्देशन एकल मालकीच्या चालू खात्यालाही करता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. भागीदारी आणि कंपनीच्या खात्याला ही सोय नाही. दुकानदार गेला आणि खाते गोठले, की घरच्यांना माल देणाऱ्यांची देणीही चुकवता येत नाहीत, म्हणून ती रिकामी चौकट भरल्याशिवाय फॉर्मवर सही करू नये.

शाखा पाहून या

निवड दोन बँकांवर आली, की दोन्ही शाखांत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अकराला जाऊन उभे राहा. पेन्शनची आणि पगाराची गर्दी तेव्हाच असते. रोखीची खिडकी एक आहे की तीन? भरणा करायला किती वेळ लागतो? नोटा भरायचे मशीन आहे का, आणि मुख्य म्हणजे चालू आहे का? मशीन नाणी घेत नाही आणि एका वेळी ठरावीकच नोटा घेते. भाजीवाल्याला, बेकरीवाल्याला त्याचा अर्धाच उपयोग. दुकान एकट्याने चालवणाऱ्याला रोज अर्धा तास रांगेत घालवणे परवडत नाही, आणि शाखा दोन किलोमीटर लांब असली, की भरणा आठवड्यावर जातो आणि रोख घरात राहते. चारशे रुपये शुल्क जास्त पण समोरच्या चौकातली शाखा, असा सौदा असेल तर मी चौकातली घेईन.

खाते उघडल्यावर रद्द केलेला एक चेक आणि खात्याच्या तपशिलाचे पान जवळ ठेवा. माल घेणाऱ्या कंपन्या तेच मागतात. जीएसटी नोंदणी झाली असेल तर पोर्टलवर खात्याचा तपशील ३० दिवसांत भरावा लागतो, आणि पहिले विक्री विवरणपत्र त्याआधी भरायचे असेल तर त्यापूर्वीच. पहिल्या तीन महिन्यांची स्टेटमेंट ओळीने वाचा आणि कळत नसलेली प्रत्येक वजावट शाखेत विचारा. उत्तर पटले नाही तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येते. खात्याचा प्रकार चुकला असे दिसले तर त्याच बँकेत वरच्या किंवा खालच्या प्रकारात बदलून मागा. खाते क्रमांक बहुधा तोच राहतो, म्हणून हा मार्ग खाते बंद करण्यापेक्षा सोपा.

आणि बिलबुके छापायला टाकताना आवर घाला. खाते क्रमांक आणि आयएफएससी घातलेली एक-दोन बुके पुरेत. २०१९-२० मध्ये देना, विजया, अलाहाबाद, कॉर्पोरेशन अशा बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, तेव्हा जुने कोड छापलेले गठ्ठे दुकानदारांना रद्दीत घालावे लागले, नाहीतर प्रत्येक बिलावर पेनाने नवा कोड लिहीत बसावे लागले.